मुरमांची गोळी घेतल्यामुळे पार्किन्सन्स होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकट्या भावाला ४१ व्या वर्षी पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. कॉलेजात असताना त्याच्या चेहऱ्यावर आणि पाठीवर मोठाली, दुखरी मुरमं होती. आधी काही महिने मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक आणि नंतर आयसोट्रेटिनॉइनचा पूर्ण कोर्स झाला होता. गेली चार-पाच वर्षं त्याचा चेहरा पुन्हा तेलकट दिसायला लागला होता. ‘मुरमांच्या गोळ्यांनी मेंदूवर परिणाम होऊन कंपवात होतो’ असा मजकूर कुणीतरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि आता आई रोज म्हणते, "मीच त्याला त्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते." त्यातच माझ्या १७ वर्षांच्या मुलीला त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइनच लिहून दिलंय. ते सुरू करावं का?

आधी आईंना उत्तर देते. त्यांना सांगा की तुम्ही मुलाला योग्य ठिकाणी नेलंत. त्या गोळ्यांमुळे त्याला पार्किन्सन्स झाला असं म्हणायला वैद्यकशास्त्राकडे आज आधार नाही. आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळाली. तेव्हापासून जगभरात लाखो मुलामुलींनी ते घेतलंय आणि त्यातले अगदी सुरुवातीचे लोक आता साठीला आलेत, म्हणजे पार्किन्सन्स जास्त दिसतो त्या वयात. या औषधावर अमेरिकेत खटले झाले, कडक नियम आले, त्याच्या दुष्परिणामांची यादी लांबलचक आहे. त्या यादीत पार्किन्सन्स नाही. मी हे औषधाची वकिली करण्यासाठी सांगत नाही. हे औषध जपूनच वापरायचं असतं, पण त्याची कारणं वेगळी आहेत. ती खाली येतील.

मुलीबद्दल: मामाला पार्किन्सन्स आहे एवढ्या कारणासाठी तिची गोळी अडवू नका.

आता हे मी कशाच्या जोरावर म्हणते ते सविस्तर सांगते, कारण नुसतं ‘काही होत नाही हो’ असं सांगून मनातली शंका जात नाही. शिवाय तुमची शंका मुळात वेडगळ नाहीच. एखाद्या रसायनामुळे माणसाला पार्किन्सन्ससारखा आजार होऊ शकतो हे आम्हा डॉक्टरांना पक्कं माहीत आहे. १९८२ मध्येच कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं अचानक दगडासारखी ताठ होऊन रुग्णालयात आली. हलता येईना, बोलता येईना. त्यांनी नशेसाठी घरगुती बनावटीचं कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलं होतं आणि ते बनवताना चुकून एमपीटीपी नावाचं रसायन त्यात तयार झालं होतं. डॉ. विल्यम लँग्स्टन यांनी तो धागा शोधून काढला. एमपीटीपी मेंदूत शिरतं, तिथे त्याचं रूप बदलतं, आणि डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी त्याला आपलंच समजून आत घेतात. आत गेल्यावर ते पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतं. माकडांना तेच रसायन दिलं तर तोच आजार होतो. शेतात तण मारायला वापरतात त्या पॅराक्वाटबद्दलही बराच पुरावा जमलाय. म्हणून ‘औषधाने असं होऊच शकत नाही’ असं मी कुणालाही सांगत नाही.

पण मग तीच कसोटी आयसोट्रेटिनॉइनला लावायला हवी. ते कुठून शिरतं, कुठल्या पेशींना मारतं, प्राण्यांत तोच आजार दिसतो का, माणसांत संख्येने दिसतो का? आयसोट्रेटिनॉइन हा ‘अ’ जीवनसत्त्वाचा भाऊबंद आहे. त्वचेतल्या तैलग्रंथी त्याने आक्रसतात, तेल कमी होतं आणि मुरुम धरायला जागाच उरत नाही. मेंदूतही ते थोडं पोचतं, हे खरं. २००५ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता. त्यात चार महिने आयसोट्रेटिनॉइन घेतलेल्या लोकांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचं कामकाज दाखवणारे स्कॅन, काढले, तेव्हा कपाळामागच्या, डोळ्यांच्या वरच्या भागाचं कामकाज थोडं मंदावलेलं दिसलं. हा भाग मनःस्थितीशी जोडलेला आहे. पार्किन्सन्समध्ये ज्या पेशी मरतात त्या इथे नसतात. त्या मेंदूच्या खोडात, सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यात असतात. आणि गंमत अशी की त्या पेशींना जगण्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होणारं रेटिनॉइक आम्ल लागतंच. ते बनवणारं एक एन्झाइम त्यांच्यात भरपूर असतं आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांत ते कमी झालेलं सापडतं. त्यामुळे काही संशोधक तर या जातीची औषधं डोपामिनच्या पेशी वाचवायला उपयोगी पडतील का, हे उंदरांवर तपासत होते. तेही अजून माणसांत सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्यावरही मी भर देत नाही. एवढंच की प्रयोगशाळेतला पुरावा व्हॉट्सॲपवरच्या त्या मजकुराच्या बाजूने बोलत नाही.

औषध शरीरात किती काळ राहतं हाही मुद्दा लोक विचारतात. आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर साधारण महिन्याभरात शरीरातून निघून जातं. गोळी थांबवल्यावर एक महिना गर्भधारणा टाळायला सांगतात, रक्तदान करू नका म्हणतात, ते यासाठीच. ‘वीस वर्षं आत साठून राहिलं’ असं होत नाही.

मिनोसायक्लिन आणि तिची बहीण डॉक्सिसायक्लिन यांची कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. २००० नंतरच्या काही वर्षांत मिनोसायक्लिन हे पार्किन्सन्सवरचं औषध ठरेल अशी मोठी आशा होती. एमपीटीपी दिलेल्या उंदरांच्या डोपामिन पेशी मिनोसायक्लिनमुळे वाचल्या होत्या. मग माणसांत चाचणी झाली. अमेरिकेत सुरुवातीच्या टप्प्यातल्या २०० रुग्णांवर झालेल्या त्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पुढे मोठी चाचणी करावी की नाही, एवढंच त्यातून बघायचं होतं. पार्किन्सन्सवरचं औषध म्हणून मिनोसायक्लिन काही पुढे आलं नाही. २००७ मध्ये तर मोटर न्यूरॉनच्या आजारात, म्हणजे एएलएसमध्ये, ४१२ रुग्णांवर तेच औषध वापरलं तेव्हा रुग्णांची घसरण आणखी वेगाने झाली. उंदरात जे औषध तारक ठरलं ते माणसात दुसऱ्याच आजारात मारक निघालं. म्हणून उंदरांवरच्या एखाद्या प्रयोगाच्या बातमीवर कुणी ‘हे घ्या’ किंवा ‘हे विष आहे’ म्हणालं, तरी मी दोन्हीकडे सारख्याच संशयाने बघते.

माणसांच्या मोठ्या नोंदींतून काय दिसतं? फिनलंडमध्ये प्रत्येकाने चिठ्ठीवर दुकानातून घेतलेल्या औषधाची नोंद सरकारी यादीत होते. तिथल्या संशोधकांनी १९९८ ते २०१४ या काळात निदान झालेल्या जवळजवळ १४ हजार पार्किन्सन्स रुग्णांनी पूर्वी कुठली प्रतिजैविकं घेतली होती ते तपासलं आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. सगळ्यांत ठळक संबंध मॅक्रोलाइड आणि लिंकोसामाइड या गटांशी दिसला. मॅक्रोलाइड म्हणजे ॲझिथ्रोमायसिनचा गट. आपल्याकडे मुरमांसाठी आठवड्यातून तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन द्यायची पद्धत बरीच रुळलेली आहे, म्हणून हे सांगते. टेट्रासायक्लिन गट, म्हणजे मिनोसायक्लिन-डॉक्सिसायक्लिनचा गट, निदानाच्या १० ते १५ वर्षं आधी घेतलेल्यांतही थोडा संबंध दिसला. त्यांचा तर्क असा, की प्रतिजैविकांनी आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटते आणि पार्किन्सन्सची सुरुवात काही लोकांत आतड्यापासून होत असावी.

ही बातमी वाचून घाबरायला होतं, मला कळतं. पण त्याच्या शेजारी डेन्मार्कचा अभ्यास ठेवा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी होत्या. रोझेशिया म्हणजे नाक-गालांवर लाली आणि मुरमांसारखे फोड येणारा आजार. तो असलेल्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे १.७ पट निघालं. पण टेट्रासायक्लिन घेतलेल्यांत ते वाढलं तर नाहीच, किंचित कमी भरलं. इतकं किंचित, की फरक नाही असंच म्हणावं. एकाच गटाचं औषध, उत्तर युरोपातले दोन देश, आणि दोन वेगळी उत्तरं. याचा अर्थ दोघांपैकी कुणी खोटं बोललं असा होत नाही. नोंदींवरून केलेल्या अभ्यासात ‘आधी काय झालं’ हे ओळखणं फार अवघड असतं. पार्किन्सन्समध्ये हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठता येते, वास येईनासा होतो, लोक झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात, लघवीचे त्रास होतात. अशा माणसाचे दवाखान्याचे हेलपाटे वाढतात आणि हेलपाटे वाढले की प्रतिजैविकंही वाढतात. मग नोंदवहीत प्रतिजैविक आधी दिसतं आणि निदान नंतर, पण आजार त्या दोघांच्याही आधी आत बसलेला असू शकतो.

फिनलंडच्या अभ्यासातून मी घेतलेला धडा त्वचारोगतज्ज्ञ पूर्वीपासून सांगतच आलेत: मुरमांसाठी तोंडावाटे प्रतिजैविक महिनोन्‌महिने चालवू नये. तीन-चार महिन्यांत आढावा घ्यावा, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापॅलीनसारखं लावायचं औषध असावं. पार्किन्सन्सच्या भीतीपोटी नव्हे, जिवाणू औषधाला निबर होतात म्हणून. आणि गोळी मेडिकलमधून परस्पर पुन्हा पुन्हा आणणं तर नकोच.

बेंझॉइल पेरॉक्साइडचं नाव आलंच आहे तर ओझरतं सांगते. २०२४ मध्ये अमेरिकेत या मलमांत बेंझीन सापडल्याचा गाजावाजा झाला. तिथल्या औषध-नियामकाने ९५ उत्पादनं तपासली, ९० टक्क्यांहून जास्त उत्पादनांत ते नव्हतं किंवा नगण्य होतं, आणि २०२५ मध्ये थोडी उत्पादनं बाजारातून परत घेतली गेली. बेंझीनची चिंता रक्ताच्या कर्करोगासाठी असते. पार्किन्सन्सशी जोडलं गेलेलं रसायन वेगळं आहे, ट्रायक्लोरोएथिलीन. अमेरिकी मरीन सैनिकांच्या कॅम्प लेजून तळावर पिण्याच्या पाण्यात ते मिसळलं होतं आणि तिथे राहिलेल्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण ७० टक्क्यांनी जास्त आढळलं, असा अभ्यास २०२३ मध्ये आला. या दोन बातम्यांची नावं एकमेकांत मिसळली की घरच्या ग्रुपवर तुम्हाला आला तसा मजकूर तयार होतो. मलम गरम गाडीत, उन्हाच्या खिडकीत ठेवू नका आणि मुदत संपलेली ट्यूब टाकून द्या, एवढं पुरे.

आता भावाच्या तेलकट चेहऱ्याकडे येते. त्वचा आणि पार्किन्सन्स यांचा संबंध खरोखरच आहे, आणि तो जुना आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या कपाळावर, नाकाच्या कडांना तेलाची चकाकी असते, भुवयांत आणि केसांत कोंड्यासारखे पापुद्रे धरतात. १९७० च्या सुमारास लेव्होडोपा हे पार्किन्सन्सवरचं मुख्य औषध नवं होतं, तेव्हा ते सुरू केल्यावर हे तेल कमी होतं असं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. या आजारात आपोआप चालणाऱ्या नसा बिघडतात आणि तैलग्रंथींचं काम बदलतं.

स्कॉटलंडमधल्या पर्थच्या जॉय मिल्न या परिचारिकेची गोष्ट तुमच्या आईंना जरूर सांगा. नवऱ्याच्या अंगाला वेगळाच, कस्तुरीसारखा वास येतोय हे त्यांना त्याच्या निदानाच्या दहाएक वर्षं आधी जाणवलं होतं. पुढे इतर रुग्णांना भेटल्यावर तोच वास सगळ्यांकडे आला. एडिंबरा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्यांची परीक्षा घेतली. सहा रुग्णांनी आणि सहा निरोगी लोकांनी घातलेले टीशर्ट त्यांच्यापुढे ठेवले. सहाही रुग्ण त्यांनी बरोबर ओळखले, पण एका निरोगी माणसाचा टीशर्टही रुग्णाचाच आहे असा त्यांचा हट्ट होता. काही महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सन्सचं निदान झालं. आणि वास कुठे जास्त होता? काखेत नाही, पाठीच्या वरच्या भागात, जिथे तैलग्रंथी दाट असतात. मँचेस्टर विद्यापीठाने २०१९ मध्ये त्या तेलातली बदललेली रसायनं शोधून काढली. आता कापसाच्या बोळ्याने पाठ पुसून निदान करता येईल का यावर काम चाललंय. त्वचेतल्या बारीक नसांमध्येही पार्किन्सन्सला कारणीभूत असलेलं प्रथिन जमलेलं सापडतं.

म्हणून तुमच्या भावाचा पस्तिशीनंतर वाढलेला तेलकटपणा हा आजाराचाच आधीचा पायरव असण्याची शक्यता मला जास्त वाटते. विसाव्या वर्षीची मुरमं मात्र वेगळी. ती हार्मोन्सची, वयाची, घराण्याची. मुरमं आलेल्या मुलांना पुढे पार्किन्सन्स होतो असं कुणी समजू नये.

आता मी त्या विषयाकडे येते ज्यासाठी खरं तर हे एवढं लांब उत्तर लिहिते आहे. औषधांमुळे होणारा पार्किन्सन्ससारखा आजार आपल्याकडे रोज दिसतो. फक्त तो मुरमांच्या गोळीने होत नाही. तो होतो पित्ताच्या, गॅसच्या, चक्करच्या, अर्धशिशीच्या गोळीने.

माझ्याकडे कुणी हात थरथरतो म्हणून आलं की मी आधी औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला सांगते. फाइल नंतर. साठीच्या एक काकू आल्या होत्या. दोन्ही हात जड, चेहऱ्यावर भाव नाहीत, पावलं घासत चालणं. दुसरीकडे पार्किन्सन्सचं निदान होऊन लेव्होडोपा सुरू झालेलं. पिशवीत बीपीची, थायरॉइडची, कॅल्शियमची पाकिटं, आणि तळाशी एक अर्धवट संपलेली स्ट्रिप. "ही कसली?" तर म्हणाल्या, "ती काय, गॅसची. सकाळी उपाशीपोटी घेते." स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी कागदावर नखाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: रॅबेप्रॅझोल २० मिग्रॅ, लेव्होसल्पिराइड ७५ मिग्रॅ. लेव्होसल्पिराइड डोपामिनची दारं बंद करतं, म्हणजे पार्किन्सन्समध्ये जे घडतं तेच गोळीने घडवून आणतं. चिठ्ठी दोन आठवड्यांची होती. त्या दोन वर्षं मेडिकलमधून तीच आणत होत्या. गोळी बंद केली. पहिल्या महिन्यात फारसा फरक दिसला नाही आणि घरचे धीर सोडायला लागले होते. हळूहळू चेहरा उमलला, पाऊल उचललं जाऊ लागलं, आणि पाचएक महिन्यांनी त्या पुन्हा भाकऱ्या थापायला लागल्या. लेव्होडोपाही बंद झालं.

या पंक्तीत आणखी औषधं आहेत: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्कर आणि मळमळीसाठी प्रोक्लोरपेरॅझिन, चक्करसाठी वर्षानुवर्षं चालणारं सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, मानसिक आजारांवरची कित्येक औषधं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट. मानसिक आजाराची किंवा फिट्सची औषधं स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नका, त्याने मोठं संकट ओढवू शकतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. पण गॅसची आणि चक्करची गोळी महिन्यांवर चालू असेल तर ती का चालू आहे, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. तुमच्या भावाची पिशवीही एकदा अशीच उलटी करून बघा. अशा औषधांमुळे आलेला आजार बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा असतो, तर खरा पार्किन्सन्स एका बाजूने सुरू होतो. शंका राहिली तर ट्रोडॅट नावाचा स्कॅन करतात. औषधामुळे झालेल्या आजारात तो सहसा नॉर्मल येतो.

चेहऱ्याला लावायच्या गोष्टींपैकी मला खरी भीती वाटते ती पाऱ्याची. डाग जातील, मुरमं जातील, रंग उजळेल असं सांगून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या डब्यांत पारा सापडतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशाच क्रीमने बिघडल्याची बातमी आली होती; मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा उलगडा झाला. पारा अंगात गेला की हातांना बारीक कंप सुटतो, झोप उडते, चिडचिड वाढते. तो पार्किन्सन्स नव्हे, पण दवाखान्यात ‘हात थरथरतो’ म्हणूनच माणूस येतो. तुमच्या मुलीच्या टेबलावर अशी एखादी पार्लरमधून आणलेली डबी असेल तर आधी ती बाहेर काढा.

भावाला इतक्या लवकर का झालं, हा प्रश्न उरतो. पन्नाशीच्या आत पार्किन्सन्स झाला की आम्ही जनुकांकडे जास्त लक्ष देतो. पार्किन नावाचं जनुक १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. लहान वयातल्या पार्किन्सन्समागे ते बरेचदा असतं आणि त्याची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते. म्हणून मी आईवडिलांचं लग्न नात्यात झालं होतं का, हे नेहमी विचारते. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत होती आणि लोकांना तो प्रश्न खटकतो, पण तो विचारावाच लागतो. यात कुणाचा दोष नसतो. अशा प्रकारात भाचीला आजार होण्याची शक्यता फार कमी असते. विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठणं, हा तपासला गेलाय का तेही बघा: रक्तातलं सेरुलोप्लाझमिन आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळाभोवतीच्या कड्याची तपासणी. चाळिशीच्या आसपासच्या रुग्णात हे सुटता कामा नये, कारण त्यावर वेगळे उपचार आहेत. आणि कुणी खाजकुयलीचं चूर्ण सुचवलं तर लपवून देऊ नका. त्याच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, खरोखरच लेव्होडोपा असतं, त्यामुळे गोळ्यांच्या डोसवर डोस पडतो आणि हातपाय अनावर वळवळायला लागतात. न्यूरोलॉजिस्टना सांगून काय ते ठरवा.

मुलीची गोळी सुरू करताना लक्ष कुठे ठेवायचं ते सांगते. गर्भावर या औषधाचा परिणाम भयंकर असतो, त्यामुळे सुरू करण्याआधी गर्भधारणा चाचणी, आणि कोर्स चालू असताना व नंतर महिनाभर गर्भधारणा होणार नाही याची खात्री. १७ वर्षांच्या मुलीशी डॉक्टरांना हे एकटीने बोलू द्या, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. यकृताच्या आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या सुरुवातीला आणि मध्ये करायच्या. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या किंवा कॉड लिव्हरच्या कॅप्सूल सोबत नकोत. ओठ फुटतील, त्याला साधं पेट्रोलियम जेली पुरतं, आणि कोर्स चालू असताना वॅक्सिंग टाळा, त्वचा सोलवटते.

मेंदूच्या बाजूने एकच गोष्ट मी तिच्या डॉक्टरांशी बोलून पक्की करीन: आयसोट्रेटिनॉइनबरोबर डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन चालू राहता कामा नये. दोन्ही मिळून डोक्याच्या आतला दाब वाढू शकतो. जुनी स्ट्रिप घरात उरलेली असते आणि मुलं ‘लवकर बरं वाटावं’ म्हणून दोन्ही घेतात, म्हणून ती टाकूनच द्या. सकाळी उठल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारं डोकं दुखणं, उलट्या, नजर अंधुक होणं, एकाचे दोन दिसणं, असं काहीही झालं तर गोळी त्याच दिवशी थांबवा, डॉक्टरांना फोन करा आणि डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी करून घ्या. वेळेवर थांबवलं तर नजर वाचते. मनाकडेही लक्ष असू द्या. मोठ्या अभ्यासांत सरसकट नैराश्य वाढल्याचं दिसलेलं नाही, पण एखाद्या मुलीचं बोलणं-खाणं बदललं, ती खोलीतून बाहेर येईनाशी झाली, तर ते घरच्यांनाच आधी कळतं. खोल व्रण पडणारी मुरमंही मुलांना आतून पोखरतात, तेव्हा उपचार टाळणं म्हणजे बिनधोक राहणं असंही नाही.

भावाच्या चेहऱ्याचं काय करायचं, तर कपाळ-भुवयांतल्या पापुद्र्यांसाठी किटोकोनॅझोलचा शाम्पू किंवा क्रीम बहुतेकांना लागू पडतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोलची मलमं मेडिकलमधून आणून चेहऱ्याला लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना पार्किन्सन्सची फाइल सोबत असू द्या, आणि कुठल्याही डॉक्टरांनी मळमळीसाठी किंवा गॅससाठी गोळी लिहिली तर ‘पार्किन्सन्स आहे, चालेल का?’ हे तिथेच विचारायची सवय त्याला लावा. मळमळीसाठी गरज पडली तर डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं जात नाही, म्हणून आम्ही बहुधा ते निवडतो, तेही हृदयाचा त्रास नाही ना हे बघून आणि थोड्या दिवसांपुरतं.